पायवाटेखालचे नाव

१९६७ साली रिचर्ड लाँग हा विशीतला तरुण लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिल्पकला शिकत होता. ब्रिस्टलचे आपले घर आणि लंडन यांच्या दरम्यानच्या एका प्रवासात तो विल्टशर परगण्यातल्या एका कुरणात थांबला. कुरणात तो सरळ रेषेत चालत गेला, वळला, त्याच रेषेवरून परत आला, आणि असा पुष्कळ वेळ येत-जात राहिला. पायांखाली गवत दबत गेले. उन्हाच्या तिरपेत ती दबलेली पट्टी भोवतालच्या गवताहून उजळ दिसू लागली, तेव्हा त्याने तिचे एक कृष्णधवल छायाचित्र घेतले आणि तो निघून गेला. गवत यथाकाल पुन्हा उभे राहिले असणार. छायाचित्र मात्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिल्पकलेच्या कोणत्याही इतिहासात त्याला जागा द्यावी लागते.

‘चालण्याने झालेली रेघ’ असे त्या कृतीचे नाव मराठीत आणता येईल. मराठीत आणताना एक गंमत होते. इंग्रजीतल्या ज्या एका शब्दाने लाँगचे काम भागले, त्याला आपल्याकडे अनेक शब्द आहेत. आपण रेघ काढतो, ओळ लिहितो, रांग लावतो, आणि पुन्हा पुन्हा चालण्याने जमिनीवर जी उमटते तिला पायवाट म्हणतो. रेघ काढणारा कोणीतरी असतो, ओळीला कवी असतो, पायवाटेला मात्र कर्ता नसतो. ती पाणवठ्याला जाणाऱ्या बायांची असते, गुराख्यांची असते, शाळेत जाणाऱ्या पोरांची असते. मराठी समीक्षेत तर ‘मळलेली वाट’ हा दूषणाचाच शब्दप्रयोग आहे. नवकवीने मळलेली वाट सोडली, हे वाक्य आम्ही उत्तरपत्रिकांतून शेकडो वेळा वाचले आहे. लाँगने अक्षरशः वाट मळली, आणि तीच नवी ठरली.

ती नवी का ठरली, याचे उत्तर गवतात शोधून सापडत नाही. ते छायाचित्राखालच्या मजकुरात आहे. लाँगने छायाचित्र कागदावर चिकटवून त्याखाली हाताने दोन गोष्टी लिहिल्या: कृतीचे नाव आणि ‘इंग्लंड १९६७’. त्या कुरणाचे नाव नाही, गावाचे नाही, ते कोणाच्या मालकीचे होते हेही नाही. एवढ्या दोन ओळींनी एक पायवाट कलाकृती झाली आणि तिला कर्ता मिळाला. निसर्गातल्या वस्तू घेऊन उघड्यावर केलेल्या या कलेचा इतिहास सहसा दगड, माती, पाने आणि बर्फ यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो तितकाच, किंबहुना अधिकच, अशा खालच्या मजकुरांचा इतिहास आहे. म्हणूनच साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात लक्ष घालावे.

अमेरिकेत याच सुमारास जे घडत होते त्याचा तोंडवळा निराळा होता. १९६८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ड्वान गॅलरीत ‘अर्थ वर्क्स’ नावाचे प्रदर्शन भरले. त्यामागचा एक प्रमुख कलावंत रॉबर्ट स्मिथसन. ‘अर्थवर्क्स’ हा शब्द त्याला भेटला तो ब्रायन ऑल्डिस यांच्या त्याच नावाच्या विज्ञानकादंबरीत, जिच्यात सकस माती हीच दुर्मीळ वस्तू झालेली आहे. न्यू जर्सीतल्या पॅसेइक या आपल्या जन्मगावी कारखान्यांची, पुलांची, सांडपाण्याच्या नळांची ‘स्मारके’ पाहायला निघताना १९६७ साली त्याने ती कादंबरी बरोबर घेतली होती. एका कलाप्रवाहाचे नाव स्वस्त कादंबरीच्या मुखपृष्ठावरून यावे, हे साहित्यवाल्यांना सुखावणारे आहे. त्याहून सुखावणारी गोष्ट अशी की, लहानपणी या स्मिथसनला औषध देणारे डॉक्टर होते कवी विल्यम कार्लोस विल्यम्स. या योगायोगावर फार काही उभारू नये, पण तो सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

स्मिथसनची ‘स्पायरल जेटी’ ही कृती १९७० च्या एप्रिलमध्ये युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराच्या काठी, रोझेल पॉइंट येथे झाली. काळा बसाल्ट आणि माती यांचा सुमारे १५०० फूट लांब व १५ फूट रुंद बांध काठापासून निघून पाण्यात आत आत वळत जातो. गोगलगाईच्या शंखासारखी, किंवा आपल्या परिचयाचे सांगायचे तर जिलेबीसारखी ती आकृती आहे. यासाठी सहा हजार टनांहून अधिक दगडमाती ट्रक आणि यंत्रांनी हलवावी लागली. निसर्गात केलेली कला म्हटली की डोळ्यांपुढे नाजूक बोटे आणि सुकी पाने येतात; इथे डिझेलचा वास होता. जागाही निसर्गरम्य नव्हती. जवळच तेलाच्या फसलेल्या विहिरींचे सांगाडे पडले होते, रेल्वेसाठी घातलेल्या भरावामुळे सरोवराचा उत्तरेकडचा भाग अधिकच खारट झालेला, आणि त्या खारटपणात तगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे पाणी लालसर. स्मिथसनला हवी होती ती अशीच माणसाने वापरून टाकलेली भूमी.

बांध झाला आणि दोनेक वर्षांतच पाण्याची पातळी वाढून तो बुडाला. १९७३ च्या जुलैत टेक्सासमध्ये नव्या कृतीची जागा विमानातून पाहत असताना अपघात होऊन स्मिथसन गेला. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. त्यानंतर जवळजवळ तीन दशके, २००२ च्या सुमारास अवर्षणाने पाणी ओसरेपर्यंत, बहुतेकांना ही कृती प्रत्यक्ष दिसलीच नाही. तरीही याच काळात ती जगप्रसिद्ध झाली, ती कशाच्या बळावर? स्मिथसनने बांधाबरोबर त्याच नावाचा एक चित्रपट केला होता आणि १९७२ साली त्याच नावाचा एक निबंध छापला होता. शिवाय जियानफ्रांको गोर्गोनी यांची छायाचित्रे होती. म्हणजे जेटी, चित्रपट आणि निबंध अशी तिन्ही मिळून ती कृती आहे, आणि तिच्यातला सर्वांत अवजड भाग पाण्याखाली असताना उरलेल्या दोघांनी तिचा संसार चालवला. १९६८ च्या एका निबंधात स्मिथसनने शब्द आणि खडक यांना एकाच पातळीवर ठेवले होते: दोहोंतही भेगा असतात, दोन्ही झिजतात, दोहोंचे थर बसतात अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. मराठीत हे सांगायला त्याला इतके कष्ट पडले नसते. घर बांधायला लागते तेही साहित्य आणि आम्ही वर्गात शिकवतो तेही साहित्य, ही सोय आपल्या भाषेत पूर्वापार आहे.

मायकेल हायझरने १९६९-७० मध्ये नेव्हाडाच्या पठाराच्या कडेला समोरासमोर दोन खोल चर खोदून २ लाख ४० हजार टन खडक उपसला आणि त्या रिकामेपणालाच शिल्प म्हटले. आकार थक्क करणारा आहे. पण त्यात भूमीशी संवाद किती आणि तिच्यावर स्वारी किती, हा प्रश्न त्या काळीच विचारला गेला होता व तो रास्त होता.

या अवजडपणाच्या उलट टोकाला ब्रिटनमधील पुढची मंडळी दिसतात. १९५६ साली जन्मलेला अँडी गोल्ड्सवर्थी किशोरवयापासून यॉर्कशरमधल्या शेतांवर राबलेला. तो पाने काट्यांनी टाचतो, बर्फाच्या कांड्या पाण्याने आणि थुंकीने एकमेकींना चिकटवतो, भरती येण्याआधी किनाऱ्यावर दगड रचतो. काम ढासळले की पुन्हा सुरू करतो. २००१ च्या ‘रिव्हर्स अँड टाइड्स’ या माहितीपटाने त्याचे हात जगभर पोचवले आणि आज शाळाशाळांतून मुलांना पाने मांडायला बसवतात त्यामागे बहुतांशी तोच आहे. त्याच्या कष्टांविषयी आम्हांला आदर आहे. तरीही त्याची चकचकीत पुस्तके चाळताना कधी कधी दिनदर्शिका चाळल्यासारखे वाटते, हेही सांगितले पाहिजे. पानांच्या लाल रंगाची छटा छायाचित्रात इतकी अचूक पकडलेली असते की ती पाने उद्या कुजणार आहेत, हे आपण विसरतो. जिच्या सौंदर्याचे मर्म नश्वरतेत आहे, ती कला गुळगुळीत कागदावर अमर होऊन बसते.

या बाबतीत डेव्हिड नॅशचा लाकडी धोंडा आम्हांला अधिक प्रामाणिक वाटतो. १९७८ साली उत्तर वेल्समधल्या फेस्टिनिऑग खोऱ्यात नॅशने एका ओक वृक्षाच्या बुंध्यातून एक प्रचंड गोलसर धोंडा तासला. ओढ्यातून तो खाली न्यावा असा बेत होता. धोंडा ओढ्यात अडकला. नॅशने मग त्याला तिथेच राहू दिले, आणि शिल्प कार्यशाळेत न्यायचे सोडून त्याचा प्रवास पाहत बसणे हेच काम झाले. पुरागणिक तो थोडा थोडा पुढे सरकत गेला, पुढे ड्वाय्रिड नदीत शिरला, तिथून खाडीत; भरती-ओहोटीबरोबर हिंडू लागला. २००३ साली तो दिसेनासा झाला, २०१३ साली पुन्हा सापडला आणि २०१५ मध्ये पुन्हा नाहीसा झाला. नोंदी, नकाशे, छायाचित्रे इथेही आहेत, पण त्या नोंदी वस्तूच्या मागून धावताना दिसतात. वस्तू नोंदीसाठी थांबत नाही.

आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या कृतींत भूमी रिकामी आहे. वाळवंट, कुरण, किनारा, ओढा, माणूस नाही. ती तशी दिसावी अशीच छायाचित्रे काढलेली असतात. हा रिकामेपणा प्रथम बिघडवला तो स्त्रियांनी, असे आम्हांला वाटते. आना मेन्डिएटा १९४८ साली हवानात जन्मली आणि क्रांतीनंतरच्या काळात, १९६१ साली, आईवडिलांशिवाय अमेरिकेत धाडलेल्या हजारो क्यूबन मुलांपैकी एक झाली. १९७३ पासून आयोवात आणि मेक्सिकोत तिने आपल्या देहाची आकृती चिखलात, वाळूत, गवतात उमटवली. ती कधी फुलांनी भरली, कधी दारू पेरून पेटवली. या ‘सिल्युएटा’ मालिकेत बाई दिसते ती नसण्याच्या रूपात: इथे कोणी निजले होते, आता खड्डा आहे. परक्या देशाच्या मातीत अंग उमटवून पाहण्याची ही धडपड आणि लाँगचे निवांत चालणे यांत फार अंतर आहे. लाँगला आपण कुठले, हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. १९८१ साली मेन्डिएटाला क्यूबात जाऊन हारुको येथील चुनखडीच्या गुहांत तिथल्या मूळ रहिवाशांच्या देवतांच्या नावांनी आकृती कोरता आल्या. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या उंच इमारतीच्या खिडकीतून पडून तिचा मृत्यू झाला. पतीवर, शिल्पकार कार्ल आंद्रे यांच्यावर, खटला चालला आणि ते १९८८ साली निर्दोष सुटले.

ॲग्नेस डेनेसने १९८२ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सावलीत, भराव घातलेल्या दोन एकर जागेवर गहू पेरला, वाढवला आणि ऑगस्टात कापला. हजार पौंडांवर धान्य निघाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात नवल काय? नवल जागेत होते. जिचा भाव चौरस फुटावर ठरतो अशा जमिनीत गहू पेरणे हा तिथल्या हिशेबाचा अपमान होता, आणि तो अपमान करणे हाच हेतू होता.

भूमी रिकामी नसते ही गोष्ट कलेच्या दरबारात सर्वांत ठसठशीतपणे पुढे आली ती १९८९ साली पॅरिसमध्ये. ‘मॅजिसियां द ला तेर’, म्हणजे ‘पृथ्वीवरचे जादूगार’, या प्रदर्शनात पाश्चात्त्य कलावंत आणि जगाच्या इतर भागांतील कलावंत यांना समान मानाने मांडण्याचा संकल्प होता. ला व्हिलेतच्या भव्य दालनात मध्य ऑस्ट्रेलियातल्या युएन्डुमू वस्तीच्या वार्ल्पिरी लोकांनी जमिनीवर मातीरंगांचे चित्र केले, आणि त्याच्या मागच्या उंच भिंतीवर रिचर्ड लाँगने चिखलाच्या हातांनी एक अवाढव्य वर्तुळ काढले. छायाचित्रात दोन्ही एकत्र दिसतात. वार्ल्पिरींचे चित्र खाली, पायाशी. लाँगचे वर्तुळ वर, उगवत्या सूर्यासारखे. या मांडणीतल्या उच्चनीचतेवर तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला खुपते ते याहून लहान आहे. आजही त्या छायाचित्राखाली बहुधा एका बाजूला ‘रिचर्ड लाँग’ आणि दुसऱ्या बाजूला ‘युएन्डुमू समुदाय’ असे छापले जाते. त्या समुदायातल्या पॅडी जुपुरुला नेल्सन, पॅडी जपलजारी सिम्स प्रभृती चित्रकारांना नावे होती. एक व्यक्ती, दुसरा समुदाय. एकाची कला, दुसऱ्याची परंपरा. पायवाटेला नाव मिळण्याचा आणि न मिळण्याचा न्याय तो हाच.

यानंतर १४ वर्षांनी लाँग महाराष्ट्रात आले. डहाणू तालुक्यातल्या, तेव्हाच्या ठाणे आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या, वारली मुलखात २००३ साली त्यांनी काम केले, आणि त्यांची व जिव्या सोमा मशे यांची कामे त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला व पुढच्या वर्षी इटलीत मिलानला एकत्र मांडली गेली. इथे मात्र दोन्ही बाजूंना माणसांची नावे होती. प्रदर्शनाचे शीर्षकच ‘संवाद’ या अर्थाचे. शेतजमीन, राब, भाताची खाचरे, धूळ यांत वाढलेला एक चित्रकार, आणि चालण्यालाच चित्र मानणारा दुसरा. १९३४ साली जन्मलेल्या मशे यांच्याविषयी असे सांगतात की, आई गेल्यावर त्यांची वाचाच बसली आणि धुळीत चित्रे काढून ते बोलू लागले. जमिनीवरच्या रेघेपाशी दोघे दोन वाटांनी पोचले होते, एवढे खरे.

पण मशे यांच्याही मागे एक भिंत आहे, आणि ती पाहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. वारली लग्नात कुडाच्या, शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघाट देवी, भोवती चौकटीच्या नक्षीच्या पट्ट्या. हे काम परंपरेने सवाष्णींचे. बांबूची काडी टोकाशी चावून तिचा कुंचला करायचा, पीठ पाण्यात कालवायचे. धवलेरी गाणी म्हणते आणि चौक पुरा होत जातो. साहित्य सगळे आसपासचे: माती, शेण, बांबू, तांदूळ. लग्न पार पडले की चौकाचे काम संपते. पुढे धूर, ओल आणि पुढचे सारवण त्याची वाट लावतात. लाँगच्या गवताइतकीच ही कला अल्पायुषी आहे. तिच्यात कौशल्य आहे, संकेत आहेत, चांगला चौक आणि सुमार चौक असा भेद करणारी नजर आहे. नाही ते फक्त खालचे नाव.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले. बिहारमधल्या दुष्काळाच्या वेळी मिथिलेच्या स्त्रियांना भिंतीवरून कागदावर आणण्यात त्यांचा वाटा होता. मिथिलेत कागदावर आल्या त्या प्रामुख्याने बायाच, आणि पुढे त्यांची नावे झाली. वारली मुलखात कागदावर प्रथम ठळकपणे आले ते मशे, एक पुरुष. मशे यांची प्रतिभा निर्विवाद. भिंतीवरच्या विधीत न मावणारा रोजचा व्यवहार, मासेमारीचे जाळे, मुंग्यांची वारुळे, त्यांनी अशा काही लयीत उभा केला की त्यास तोड नाही. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ ची पद्मश्री हे त्या प्रतिभेचे उचित मान होते. २०१८ साली ते गेले. पण सवाष्णींचा चौक कागदावर येताना कलावंत बदलला, प्रसंग गळाला, गाणे गळाले, ही नोंदही त्या मानाशेजारी असावी. यशोधरा दालमिया यांच्या १९८८ च्या इंग्रजी ग्रंथात हा विधी, त्यातल्या बाया आणि गाणी सविस्तर येतात. मराठीच्या अभ्यासक्रमात ‘वारली चित्रकला’ हा विषय आला तर तो सहसा बिनबायांचा असतो.

साहित्याच्या अभ्यासकांना हे सगळे दूरचे वाटू नये. जात्यावरच्या ओवीचे आपण वेगळे काय केले आहे? पहाटे दळताना एका विशिष्ट बाईने, आपल्या विशिष्ट भावाला उद्देशून, जात्याच्या घरघरीवर बसवून म्हटलेली ओवी संग्रहात आली की ‘लोकवाङ्मय’ होते आणि तिच्याखाली काहीच उरत नाही. दळण संपले की ओवी हवेत विरायची, म्हणून ती टिपून ठेवणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण टिपताना ओवी घेतली आणि बाई सोडली. पुढे आम्ही मास्तर मंडळींनी ‘या वाङ्मयाचा कर्ता अज्ञात असतो’ असे वाक्य लक्षणांच्या यादीत घातले. कर्ती समोर बसून गात होती. ती अज्ञात कशी? जे लिहून घेतले गेले नाही त्याला आपण वाङ्मयप्रकाराचे लक्षण ठरवले.

याला एक ठळक अपवाद पुण्यातच उभा राहिला. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी ऐंशीच्या दशकापासून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला आणि गावांची संख्या हजाराच्या पुढे. प्वाटव्हँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पुढे तो संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारतावरील संकेतस्थळाने हाती घेतला आणि २०१७ पासून त्यातल्या ओव्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध होऊ लागल्या. या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव असते, गाव असते, तालुका असतो. काही ठिकाणी तिचे वय, जात, तिला किती मुले आणि जात्यावर आता गहू दळतात की फक्त हळद, हेही असते. लाँगच्या छायाचित्राखालचे ‘इंग्लंड १९६७’ यापुढे फार मोघम वाटते.